पिण्याचं पाणी नळालाच हवं

मृगाचा पाऊस जोर धरतो आणि तालुक्याच्या गावांत दरवर्षीचा वाद नव्याने सुरू होतो. नळाला गढूळ पाणी येतं, सरकारी दवाखान्यात जुलाब-उलट्यांची रांग वाढते, दोन-चार घरांत कावीळ होते आणि नगरपालिकेच्या नावाने खडे फोडले जातात. अलीकडे या वादाला एक तयार उत्तर सापडलं आहे : प्रत्येक प्रभागात आरओ केंद्र, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून देणारं यंत्र. पाचाचं नाणं टाकायचं आणि वीस लिटरचा जार भरून न्यायचा. कुठे आमदार निधीतून, कुठे नगरपालिकेच्या पैशांतून अशी केंद्रं उभी राहिली आहेत आणि आमच्याही गावात त्यांची मागणी आता जोरात आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, लोक आजारी पडताहेत, तुमचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवा. विरोधात बोलणारे म्हणतात, यात भलं फक्त ठेकेदाराचं आहे. दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडतात. मात्र ज्या नळातून गावातल्या प्रत्येक घरात पाणी येतं, त्या नळाचं काय करायचं हा विषय दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

मी या केंद्रांच्या विरोधात आहे. ती एका पैशाचा गैरव्यवहार न होता उभी राहिली आणि उत्तम चालली, तरीही माझा विरोध कायम राहील. सार्वजनिक पैशातून पिण्याच्या पाण्याचं वेगळं केंद्र काढणं म्हणजे आपलं नळाचं पाणी पिण्यालायक नाही, असं नगरपालिकेने लेखी कबूल करणं आहे. ते कबूल केल्यावर नळ दुरुस्त करण्याची निकड कुणालाच उरत नाही, ना अधिकाऱ्यांना, ना नगरसेवकांना, ना तुम्हा-आम्हाला. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मध्ये पाणीपुरवठा नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत येतो. नळाला वापरायचं पाणी आणि कोपऱ्यावर प्यायचं पाणी अशी त्या कर्तव्याची वाटणी करून घेण्याची मुभा आपण का द्यावी?

केंद्रांच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यातलं बरंच खरं आहे, ते आधी मान्य करतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या अनेक गावांत, भूगर्भातलं पाणी इतकं खारट आहे की त्याने डाळ शिजत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि ते पिऊन पिढ्यांच्या पिढ्या दात आणि हाडं गमावून बसल्या आहेत. क्लोरीनने क्षार जात नाहीत, फ्लोराइड जात नाही. अशा ठिकाणी बाहेरून गोडं पाणी येईपर्यंत आरओ हाच उपाय असेल तर तो जरूर करावा. दुसरं, गावाच्या जलवाहिन्या बदलायला वर्षं लागतात आणि ताप आलेल्या मुलाच्या आईला 'निविदा निघाली आहे' असं सांगता येत नाही. तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्यांची ऐपत आहे त्यांनी घरात पंधरा हजारांचं यंत्र बसवून घेतलं आहे. मग ज्यांची नाही त्यांना पाच रुपयांत तेच पाणी मिळालं तर कुणाच्या पोटात का दुखावं?

या तिन्ही मुद्द्यांना उत्तर देण्याआधी आपल्याला आजारी नक्की काय पाडतं, ते पाहायला हवं. आरओ यंत्र विकणारा माणूस घरी येतो, टीडीएसची पेनासारखी कांडी नळाच्या पाण्यात बुडवतो आणि २८० आकडा दाखवतो. मग आपल्या यंत्राच्या पाण्यात बुडवून ४० दाखवतो. घरातले चकित होतात. पण ती कांडी पाण्यात विरघळलेले क्षार मोजते. भारतीय मानक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात म्हणतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत देतं. कृष्णा, कोयना, गोदावरी, गिरणा अशा नद्यांचं किंवा धरणांचं पाणी पिणाऱ्या आपल्या बहुतेक गावांत क्षार हा प्रश्नच नाही. कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू त्या कांडीला दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळातही ती समाधानकारक आकडा दाखवू शकते. म्हणजे आपण ज्या रोगांना घाबरून जार आणतो त्यांचा त्या आकड्याशी संबंध नाही आणि तरीही गावातली निम्मी चर्चा त्याच आकड्यावर चालते.

मग जंतू येतात कुठून? पावसाळ्यात रस्ता खणलेला असेल तेव्हा जरा थांबून खड्ड्यात बघा. मुख्य जलवाहिनीतून निघून एकेका घराकडे गेलेल्या अर्ध्या इंची जोडण्या दिसतील. त्यातल्या अनेक थेट गटारातून आडव्या गेलेल्या असतात, कारण गटार आणि नळ दोन्ही रस्त्याच्या कडेला आणि प्लंबरला तोच जवळचा मार्ग. जीआय पाइपाला गंज चढून पापुद्रे सुटलेले असतात, एखाद्या ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळून गळती बंद केलेली असते आणि त्या पट्टीवरून काळं पाणी वाहत असतं. चोवीस तास दाबाने पाणी चालू असेल तर अशा भोकातून पाणी बाहेर येईल, आत काही जाणार नाही. पण आपल्याकडे व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, तासभर पाणी येतं आणि पुन्हा बंद होतं. पाणी ओसरताना रिकामी होणारी वाहिनी आजूबाजूचं जे असेल ते आत ओढून घेते. त्यात घरोघरी नळाला थेट मोटर लावलेली. तिने ओढ आणखी वाढते. गृहिणी पहिली पाच-दहा मिनिटं येणारं काळपट पाणी सोडून देतात ते उगाच नाही. रात्रभर वाहिनीने गटारातून जे शोषलं, ते आधी बाहेर पडत असतं.

मराठवाड्यात आणि खानदेशात पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये आठ-आठ, दहा-दहा दिवस जातात. मनमाडकरांनी तर याहून मोठी वाट पाहिली आहे. तिथे शुद्धीकरण केंद्रातून पाणी कितीही चांगलं निघालं, तरी घरातल्या टाकीत आणि पिंपात आठवडाभर साठल्यावर त्यातला क्लोरीन उडून जातो. वर डेंग्यूचे डास त्याच पिंपात वाढतात. पाणी किती आणि कधी येतं हा एक प्रश्न, आणि ते शुद्ध आहे का हा दुसरा, असं आपण समजून चालतो. अशा गावात राहणाऱ्या कुणालाही कळेल की ते एकच आहेत.

आता केंद्राकडे वळू. वीस लिटरचा जार घरात आला. घरातली माणसं दात कशाने घासतील? भाजी, कोथिंबीर, द्राक्षं कशाने धुतील? तान्ह्या बाळाची वाटी-चमचा, अंगणवाडीतलं ताट, चहाच्या टपरीवरचा ग्लास, पाणीपुरीचं पाणी, शाळेतली टाकी हे सगळं नळावरच चालणार. जंतू फक्त पिण्याच्या ग्लासातून पोटात जातात असा समज असेल तरच जार पुरेसा वाटेल. शिवाय आरओच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक राहत नाही. यंत्रातून निघताना ते निर्मळ असेलही, पण न धुतलेल्या जारमध्ये गेलं, तोटीला हात लागला, घरी वाटीने काढलं, की त्याच्या रक्षणाला काहीच नसतं. नळाच्या पाण्यातला अल्प क्लोरीन नेमकं हेच काम घरापर्यंत करत राहतो. लोक तक्रार करतात की पाण्याला औषधाचा वास येतो. तो हलका वास असायलाच हवा. तो येईनासा झाला तर काळजी करावी.

पुण्याचा अनुभव अगदी ताजा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक निघाले. हातापायांतली शक्ती जाणारा, काहींना व्हेंटिलेटरपर्यंत नेणारा आजार. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूकडे बोट दाखवलं गेलं. महापालिकेत गावं आली होती, पण शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. लोकांनी आधीच खाजगी आरओ केंद्रांचा आसरा घेतला होता. महापालिकेने त्या केंद्रांचे नमुने तपासले आणि तीस केंद्रांना सील ठोकलं. काहींच्या पाण्यात विष्ठेतून येणारा ई-कोलाय जंतू होता, काहींत निर्जंतुकीकरणाची सोयच नव्हती, काहींकडे परवानगी नव्हती. पुण्यासारख्या शहरात, आरोग्य खात्याचा एवढा फौजफाटा असताना, या केंद्रांवर साथ येईपर्यंत नजर नव्हती. मग ज्या नगरपालिकेत पाणीपुरवठा अभियंत्याचं पद वर्षानुवर्षं रिकामं असतं, तिथे वीस प्रभागांतली वीस यंत्रं कोण तपासणार? त्यांचे पडदे वेळेवर कोण बदलणार? एका नळयोजनेची देखभाल जमत नाही, म्हणून वीस छोट्या योजना अंगावर घ्यायच्या, हा हिशेब मला समजत नाही.

आता ऐपतीचा मुद्दा. गरिबाला पाच रुपयांत श्रीमंताच्या तोडीचं पाणी मिळतं, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण जार डोक्यावर किंवा सायकलवर आणायचा असतो आणि तो आणणारी बहुधा घरातली बाई किंवा शाळकरी मूल असतं. घरपोच हवा असेल तर तीस रुपये. ज्या घरात पाणी आणायला कुणी रिकामं नाही, म्हातारा-म्हातारीच राहतात, त्यांना एक तर नळ किंवा तीस रुपये. याहून वाईट एक गोष्ट हळूहळू घडते. डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी, नगरसेवक, म्हणजे ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते ते सगळे, घरच्या यंत्रामुळे नळाच्या भांडणातून आधीच बाहेर पडलेले असतात. केंद्रं आली की मध्यमवर्गाचा उरलेला भागही बाहेर पडेल. मग गढूळ पाण्याची बाटली घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात जायला कोण उरेल? आणि जो उरेल त्याचं ऐकून कोण घेईल?

महाराष्ट्राला पाण्याच्या सार्वजनिकपणाचा अर्थ कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तिथे जाईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. त्या अन्यायाची आणि आजच्या गढूळ नळाची बरोबरी मी करत नाही, ती होऊच शकत नाही. पण त्या लढ्याने एक दावा मांडला होता : सार्वजनिक पाणवठ्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे आणि वेगळा पाणवठा काढून दिल्याने तो हक्क भागत नाही. आज गावातला पाणवठा म्हणजे नळ. घरात यंत्र असलेल्यांचं एक पाणी, जार आणणाऱ्यांचं दुसरं आणि थेट नळाचं पिणाऱ्यांचं तिसरं, अशी विभागणी सरकारी पैशातून पक्की करताना आपण त्या दाव्यापासून किती लांब आलो, याचा विचार व्हावा.

'आधी लोकांचे जीव वाचवा, जलवाहिन्यांचं नंतर बघू' या युक्तिवादाला इतिहासात एक फार महागडं उत्तर मिळालेलं आहे. जर्मनीतलं हॅम्बर्ग हे एल्बे नदीकाठचं श्रीमंत बंदर. शेजारी लागूनच आल्टोना. दोघंही एल्बेचंच पाणी पीत. हॅम्बर्गमध्ये वाळूची गाळणी बांधण्यावर वर्षानुवर्षं चर्चा चालली, खर्च कुणी उचलायचा यावर घरमालक आणि कारभारी अडून बसले. आल्टोना तर नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी उचलत होतं, पण ते वाळूतून गाळून देत होतं. १८९२ च्या उन्हाळ्यात कॉलरा आला. हॅम्बर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसं मेली. दोन्ही शहरांच्या हद्दीवरच्या रस्त्यावर एका बाजूच्या घरांत कॉलरा आणि समोरच्या बाजूच्या घरांत जवळजवळ नाही, असं चित्र जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी नोंदवलं. माणसं तीच, हवा तीच, नदी तीच. फरक घरात येणाऱ्या पाण्याचा होता. पाणी उकळून पिण्याची सोय आणि नोकर असलेल्या घरांना काही प्रमाणात बचाव करता आला. सगळ्या शहराला वाचवलं असतं ते गाळणीनेच.

आपल्याही देशात असे धडे आहेत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेत उलटं सरकून वझिराबादच्या उपसा केंद्रात शिरलं. कारभाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली, जंतूंच्या साथी टळल्या, पण गढूळ पाण्यातून विषाणू निसटला आणि हजारो लोकांना कावीळ झाली. पुढे ती कावीळ ज्या विषाणूमुळे झाली त्याला हिपॅटायटिस ई असं नाव मिळालं. हाच आजार गरोदर बायकांच्या जिवावर उठतो, म्हणून त्याला 'साधी कावीळ' म्हणून सोडून देता येत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, पाणी पंचगंगेचं. दिल्लीतून शिकायचं ते एवढं : तुरटी, निवळण, वाळूची गाळणी, मग क्लोरीन आणि शेवटी गळती नसलेली वाहिनी, ही साखळी पूर्ण हवी. एक कडी सोडून दुसरीत दुप्पट माल ओतला तर भागत नाही. आरओ केंद्र तर या साखळीच्या बाहेरच उभं आहे.

'छोट्या नगरपालिकेला हे परवडणार नाही' हा आक्षेप उरतो. तो प्रामाणिक आहे आणि पाणीपट्टीच्या थकबाकीचे आकडे पाहिले तर त्यात तथ्यही आहे. पण पैसा गावात नाही, असं मात्र नाही. दहा हजार घरांचं गाव धरा. त्यातल्या निम्म्या घरांनी दिवसाला तीस रुपयांचा एक जार घेतला, तर वर्षाला एका घराचे १०,९५० रुपये जातात आणि गावाचे सुमारे ५ कोटी ४७ लाख. दरवर्षी. हेच लोक वर्षाच्या दीड-दोन हजारांच्या पाणीपट्टीत शंभर रुपये वाढले तर मोर्चा काढतात, असं म्हणून त्यांना दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. जारवाल्याला पैसे दिले की जार येतो, पट्टी भरली तरी गढूळ पाणीच येतं. माणसं विश्वास बसेल तिथे पैसे टाकतात. म्हणून पट्टीवाढीच्या आधी पाणी सुधारलेलं दिसलं पाहिजे.

ते सुधारता येतं याचा पुरावा आपल्याच राज्यात, कराडला लागून असलेल्या मलकापूरमध्ये आहे. तीसेक हजार वस्तीच्या या गावाने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना केली. जुन्या जोडण्या बदलल्या, प्रत्येक घराला मीटर लावला आणि जास्त वापराला जास्त दर ठेवला. चोवीस तास पाणी म्हटलं की लोकांना उधळपट्टी आठवते. प्रत्यक्षात मीटर असेल आणि पाणी कधीही मिळेल असा भरवसा असेल, तर माणसं साठा करून शिळं पाणी ओतून देत नाहीत. ओडिशातल्या पुरीने जुलै २०२१ मध्ये नळाचंच पाणी थेट पिण्याजोगं असल्याचं जाहीर केलं. तिथे बचत गटांतल्या बायका 'जलसाथी' म्हणून घरोघर जातात, पाणी तपासून दाखवतात आणि बिलही वसूल करतात. रथयात्रेला लाखो लोक येतात तिथे हे शक्य होतं, आणि मुंबईच्या नळाचे नमुने २०१९ च्या केंद्र सरकारच्या तपासणीत सगळ्या कसोट्यांवर उतरतात, तर 'आपल्याकडे नळाचं पाणी कधीच पिता येणार नाही' हे वाक्य आपण इतक्या खात्रीने का उच्चारतो?

सुरुवात कुठून करायची, हेही सांगायला हवं, कारण चोवीस तासांची योजना उद्या येणार नाही. सुरुवात तपासणीपासून आणि ती जाहीर करण्यापासून करावी. क्लोरीनची तपासणी अगदी साधी आहे. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ओटीच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडिनच्या, द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे आणि रंगाच्या गडदपणावरून तो किती आहे ते कळतं. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथीच्या दिवसांत ०.५. दोन मिनिटांचं काम. पण ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून भागत नाही, ती वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरात व्हायला हवी, कारण मध्ये गटार घुसलं असेल तर क्लोरीन तिथे पोचेपर्यंत संपलेला असतो. आपल्या ग्रामपंचायतींना वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची तपासणी करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड दिलं जातं. वाडीवरच्या विहिरीला जो नियम, तो पन्नास हजारांच्या शहरातल्या प्रभागाला का नसावा? प्रत्येक प्रभागात आज शेवटच्या नळाला क्लोरीन किती होता आणि जिल्हा प्रयोगशाळेत गेल्या महिन्यात कोणते नमुने नापास झाले, हे पालिकेच्या दारातल्या फळ्यावर आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर आलं पाहिजे.

याला पालिकेतून हमखास उत्तर येतं की आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील आणि विरोधक राजकारण करतील. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला आणि शेणखताचं पाणी एका उथळ विहिरीत उतरलं. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी वर्षानुवर्षं क्लोरीन न मोजताच वहीत सोयीचे आकडे भरत आले होते. प्रयोगशाळेने नमुने दूषित असल्याचं कळवलं तेव्हाही त्यांनी आरोग्य खात्याला पाणी ठीक असल्याचं सांगितलं. सात माणसं मेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीने दाखवून दिलं की क्लोरीनवर सतत लक्ष ठेवणारं उपकरण असतं तर ही साथ टळली असती. श्रीमंत देश, सुस्थितीतलं गाव, भरपूर पाणी. तिथेही दडवलेल्या वहीने माणसं मारली. आपल्या पालिकांमधल्या टीसीएलच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरच्या, वह्या एकदा नीट वाचाव्यात. महिनोन्‌महिने रोज तोच आकडा आणि त्याच शाईत सही दिसली तर त्याचा अर्थ काय लावायचा? तोंड उघडं राहिलेल्या पिशवीतल्या पावडरचा क्लोरीन दमट खोलीत उडून जातो. ती पावडर किलोने टाकली तरी वहीत नोंद चोख दिसेल आणि नळाला काहीच पोचणार नाही. शिवाय साथ आल्यावर लोक घाबरतातच, आणि तेव्हा त्यांच्या हाती अफवेशिवाय दुसरं काही नसतं.

वाहिन्या बदलेपर्यंत आजारी माणसांचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्या प्रभागातला नमुना नापास होईल तिथे त्याच दिवशी दवंडी फिरावी, पाणी उकळून प्यायला सांगावं, आशाताईंमार्फत क्लोरीनचं द्रावण घरोघर जावं, क्लोरीन तपासलेला टँकर उभा राहावा आणि तिथली गटारातून गेलेली जोडणी आठवड्यात बदलली जावी. हे सगळं वीस आरओ यंत्रांपेक्षा कमी खर्चात होतं आणि त्यातला प्रत्येक रुपया नळाच्या दिशेने जातो. खारपाणपट्ट्यात केंद्र द्यायचं तर द्या, पण गोडं पाणी कोणत्या वर्षी येणार, हे त्याच ठरावात लिहून.

आमच्या नगरपालिकेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत केंद्रांचा विषय येईल असं दिसतं. तो फेटाळून लावण्याची मागणी मी करणार आहेच. सोबत माझी दुसरी मागणी अशी आहे : गटारातून गेलेल्या सगळ्या जोडण्यांची प्रभागवार यादी सभेपुढे ठेवा, त्या बदलण्याचा खर्च सांगा, आणि तो केंद्रांच्या खर्चाशेजारी लिहून दाखवा.